सड्यावरची छोटी पवनचक्की : मोजायची कशी

'एक किलोवॉटची आहे' असं विकणारा म्हणाला की आधी टेप लावून चाकाचा व्यास मोजा, आणि हे किलोवॉट किती वाऱ्याला मिळतं ते विचारा. व्यास १.२ मीटर आणि वारा सेकंदाला १२ मीटर (ताशी ४३ किलोमीटर) धरला, तर चाकासमोरच्या वाऱ्यात एकूण ताकदच ११७० वॉटच्या आसपास असते. बेट्झच्या मर्यादेप्रमाणे त्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त कुठलंही यंत्र काढू शकत नाही, म्हणजे फार तर ६९५ वॉट. एक किलोवॉटचा दावा तिथेच खोटा पडला. चांगली छोटी चक्की प्रत्यक्षात २५ ते ३० टक्के काढते.

आपली हवा उष्ण आणि दमट, म्हणून हलकीही. कॅटलॉगातले आकडे घनमीटरला १.२२५ किलो घनतेचे असतात. किनाऱ्यावर ३० अंशाला ती १.१५ च्या आसपास भरते. साधारण ६ टक्के उत्पादन त्यातच जातं.

आता मोजणी. अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) चाकाच्या मध्याइतक्याच उंचीवर हवा, आणि चाकाच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर. दोन मीटरच्या चाकाला ४ ते ८ मीटर. घराच्या पत्र्यावर लावलेला अ‍ॅनिमोमीटर काहीही सांगतो. सड्याच्या (उघड्या कातळपठाराच्या) अगदी कड्यालगतही नको. दर्यावरून आलेला वारा तिथे वर उसळतो आणि घोटाळतो. त्याचा खांब चक्कीच्या नैर्ऋत्येला किंवा पश्चिमेला उभा करा. रात्री मतलई वारा पूर्वेकडून सुटला की अ‍ॅनिमोमीटर चक्कीने आधीच अडवलेला वारा मोजतो, आणि चक्की आहे त्याहून भारी दिसते. दिशा पाहून तेवढी मिनिटं काढून टाका.

वारा आणि वॉट दोन्हींची नोंद दर सेकंदाला घ्या आणि सरासरी एका मिनिटाची काढा. तासाची सरासरी इथे फसवते. अर्धा तास ३ मीटरचा वारा, अर्धा तास ७ चा. सरासरी ५, तिचा घन १२५. पण दोन्ही घनांची सरासरी १८५ येते. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाबरोबर चालते, त्यामुळे तासाच्या हिशोबात चक्की फुकट शाबासकी मिळवते.

मग मिनिटं वाऱ्याच्या वेगाप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या खणांत टाका आणि प्रत्येक खणातल्या वॉटच्या सरासरीचा तक्ता करा. छोट्या यंत्रांसाठी आयईसी ६१४००-१२-१ हे पवनचक्क्या मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक प्रत्येक खणात किमान १० मिनिटं आणि एकूण किमान ६० तास मागतं. पावसाळ्यात वरचे खण लवकर भरतात म्हणून चाचणी तिथेच उरकू नका. वर्षभराची वीज ३ ते ६ मीटरच्या वाऱ्यांवरही बेतलेली असते, आणि ते खण फेब्रुवारी ते मे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात नीट भरतात.

सगळ्यात जास्त चुका बॅटरीपाशी होतात. बॅटरी भरत आली की कंट्रोलर वीज डंप लोडकडे (जास्तीची वीज उष्णता करून घालवणाऱ्या भाराकडे) वळवतो किंवा चक्कीला ब्रेक लावतो, आणि चांगल्या वाऱ्यातही बॅटरीकडचा करंट शून्यावर येतो. ती मिनिटं हिशोबात धरली तर चांगली चक्की नापास होते. चाचणीभर बॅटरीवर दिवे, पंप असा भार ठेवा. शंट (करंट मोजायची पट्टी) रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर), बॅटरीजवळ बसवा आणि व्होल्टेजही तिथेच मोजा. २४ व्होल्टला ३०० वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर. रेक्टिफायर चक्कीच्या खांबावरच असेल आणि तिथून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाऊन-येऊन ६० मीटर असेल, तर २७ वॉट तारेतच तापून जातात. हा तोटा चक्कीचा नव्हे, पण भरावा तुम्हालाच लागतो.

मिठाकडेही लक्ष हवं. अ‍ॅनिमोमीटरच्या बेअरिंगमध्ये खार बसला की वाट्या जड फिरतात, वारा कमी दिसतो आणि चक्की उगाच हुशार ठरते. वारा पडलेल्या पहाटे वाटीला बोटाने टिचकी मारून बघा : नवा अ‍ॅनिमोमीटर बराच वेळ निवांत फिरत राहतो, खारलेला दोन-तीन फेऱ्यांत अडखळून थांबतो. शक्य असेल तर दुसरा नवा अ‍ॅनिमोमीटर शेजारी लावून आठवडाभर दोन्ही आकडे ताडून बघा.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात तोच तक्ता पुन्हा काढा. ५ मीटरच्या खणात मे महिन्यात ५५ वॉट येत होते आणि आता ४० येत असतील, तर चक्की बांधून ठेवा आणि पात्याची पुढची कड बोटाने चाचपा. खरखरीत लागली, रंग उडून फायबर दिसू लागलं असेल, तर घासून पुन्हा लेप द्या. कड गुळगुळीत असेल तर केबलचे जोड उघडा. तांब्यावर हिरवा थर बहुधा तिथेच सापडतो.