आईचे श्रवणयंत्र माझ्या पिशवीत होते

मागच्या पावसाळ्यात आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले. थिएटरमध्ये नेण्यापूर्वी तिचा चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र माझ्या हाती देण्यात आले आणि मी ते जपून पिशवीत ठेवले. दोन तासांनी निरोप आला, की शस्त्रक्रिया नीट पार पडली आहे, पण आजी हाकेला ओ देत नाहीत आणि सलाइनची नळी ओढत आहेत. मला थोडा वेळ रिकव्हरी रूममध्ये सोडले. आई थरथर कापत होती आणि मास्क लावलेल्या चेहऱ्यांकडे भेदरून पाहत होती. सिस्टर जीव तोडून “आजी, खोल श्वास घ्या” असे सांगत होत्या, पण त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मी यंत्र कानात बसवले, चष्मा लावला आणि ऑपरेशन झाल्याचे सांगितले. तेव्हा माझे बोट घट्ट धरून ती म्हणाली, “फार थंडी वाजतेय गं.”

त्या थंडीचे कारण भूलतज्ज्ञांनी नंतर समजावले. भुलेमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीराच्या गाभ्यातली उष्णता हातापायांकडे वळते आणि पहिल्या तासाभरातच आतले तापमान 1 ते 1.5 अंश सेल्सिअसने उतरू शकते; त्यातच कापरे भरले की स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तो ताण वयस्कर हृदयाला सोसावा लागतो. गरम हवेचे पांघरूण घातल्यावर आईचे कापरे हळूहळू थांबले.

पण मनातून जात नाही ती हाक. रिकव्हरी रूममधून रुग्णाला हलवण्यापूर्वी 1970 पासून प्रचलित असलेल्या अल्ड्रेट पद्धतीने 10 पैकी गुण देतात. हालचाल, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांच्याबरोबर शुद्धही त्यात पाहिली जाते, आणि ती पाहतात हाक मारून. ज्याला हाक ऐकूच येत नाही, त्याची शुद्ध हाकेवर कशी जोखणार? शिवाय वयस्कर माणसांना भुलेनंतर भ्रम होण्याचा धोका असतोच. न दिसणे आणि न ऐकू येणे यांनी तो वाढतो.

कवळीची घाई करू नये, ती पूर्ण शुद्ध आल्यावरच द्यावी. यंत्र आणि चष्मा मात्र नाव लिहिलेल्या डबीत घालून रुग्णाबरोबरच आत पाठवावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी मी तशी डबी सिस्टरांच्या हाती दिली, झाकणावर “उजवा कान” असे लिहिले, आणि भूलतज्ज्ञांना सांगून केसपेपरवर तशी नोंद करून घेतली.