अकरा नंबरच्या रांगेत काहीच नाही

आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सीझन सप्टेंबरात सुरू होतो आणि बहुतेक वर्षी सप्टेंबरातच आटोपतो. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मॅचेस रात्र जागून बघणाऱ्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो हसतो. तिकडे नोव्हेंबर ते मार्च, तिशीच्या आसपास मॅचेस. आमच्याकडे जिल्हा स्तरावर नॉकआउट. हरलात की बॅगा उचला, पुढच्या वर्षी या. जिंकलात तर काय होतं, ती जास्त वाईट गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

मुळात मी यात पडायचं काही कारण नव्हतं. मी अकाउंटन्सी शिकवतो. क्रीडा अधिकाऱ्याची जागा रिकामी, म्हणून जुलैत माझ्या नावाची ऑर्डर निघाली: पुरुष बास्केटबॉल, टीम मॅनेजर. स्टाफरूममध्ये दोन दिवस हाच विषय. माझी उंची पाच फूट चार इंच. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला गच्चीवर बॅडमिंटनचं फूल परतवता येत नाही!" तिचं खरं आहे. पण मॅनेजरला खेळावं लागत नाही, कागद करावे लागतात, आणि कागदात मला कोणी हरवत नाही. दहावीची मार्कशीट जन्मतारखेसाठी, चालू वर्षाची फीची पावती, फोटो, प्राचार्यांची सही, शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. बारा मुलांचे बारा गठ्ठे. त्यातल्या एकाची मार्कशीट झाबुआला, एकाची काकांच्या कपाटात आणि काका तीर्थयात्रेला.

इंदूरला बास्केटबॉल परका नाही. रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये लहानपणापासून जाणारी पोरं इथल्या प्रत्येक कॉलेजात एक-दोन तरी असतात, आणि ती चालण्यावरूनच ओळखू येतात. आणखी एक गंमत. आपलं होळकर कॉलेज सुरू झालं १८९१ च्या जूनमध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने फळांच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून हा खेळ काढला. (मी होळकरला ना शिकलो, ना नोकरीला आहे. पण इंदूरचा माणूस त्याला आपलं म्हणणारच.)

मुलांची नावं इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. जर्सीच्या नंबरांवर भागवू. आमच्या जर्सी ४ ते १५ अशा आहेत, म्हणजे जुन्या. पूर्वी १, २, ३ हे नंबर द्यायचेच नाहीत, कारण रेफरी बोटांनी एक, दोन, तीन दाखवतो ते गुणांसाठी आणि फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटसाठी. आता शून्यापासून नव्याण्णवपर्यंत काहीही घालता येतं, पण आमच्या स्टॉक रजिस्टरला ते कोण सांगणार?

चार नंबर कॅप्टन. सुदामानगरचा, मराठी. त्याची आजी आणि माझी आई एकाच भजनी मंडळात, त्यामुळे कॉलेजात "सर" आणि गल्लीत "काका". सात नंबर कॉम्प्लेक्सवाला, बॉल हातात आला की त्याला बाकीचे चौघे दिसेनासे होतात. तेरा नंबर लंबू, सहा फूट चार, अत्यंत भित्रा. आणि अकरा नंबर. बडवानीकडचा, भंवरकुआँला खोली घेऊन राहतो, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी कोणाच्या तरी दुकानाच्या वह्या लिहितो. त्याने हा खेळ कॉलेजात आल्यावर धरला. ड्रिबल करताना खाली बघतो, शॉट तर विचारूच नका. मी चार नंबरला म्हटलं, हा पहिल्या पाचात कशाला? तो म्हणाला, "काका, तुम्ही बॉल बघताय. दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा."

बघितलं. आमचं कोर्ट सिमेंटचं, पावसात त्याच्यावर तळं होतं. मुलं येऊन आधी वायपरने पाणी काढायची, मग तासभर खेळायची, मग पुन्हा पाऊस. त्या ओल्या कोर्टावर अकरा नंबर कोणाच्या तरी वाटेत उभा असायचा. सात नंबर डावीकडून निघाला की त्याच्या मागे लागलेला पोरगा अकरा नंबरच्या छातीवर आदळायचा आणि सात नंबर मोकळा. याला स्क्रीन म्हणतात. लावणाऱ्याने पाय रोवून उभं राहायचं, हलला तर फाउल त्याचाच. सात नंबर टोपलीत बॉल टाकून टाळ्या घ्यायचा, अकरा नंबर बरगडी चोळत परत यायचा.

स्कोअरशीट मी यूट्यूबवर आणि कॉम्प्लेक्समधल्या एका जुन्या पंचांकडून शिकलो. मला तो कागद फार आवडला, हे कबूल करतो. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर, आणि बॉल तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे पावणेसात मीटरवरून गेला असेल तर त्या नंबराभोवती गोल. प्रत्येक खेळाडूपुढे फाउलचे पाच चौकोन. पाच भरले की गडी बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. सगळं कसं एका पानात.

पहिली मॅच अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ठेवण्याचा विचार ज्याने केला तो इंदूरचा नसणार. इथे त्या रात्री झोपतं कोण? गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण तिची झांकी अजून निघते. राजवाड्याच्या बाजूला पहाटेपर्यंत आखाडे, लेझीम, दिव्यांचे चित्ररथ. मी ग्रुपवर मेसेज टाकला की दहाला घरी जा. उत्तरादाखल चौघांनी झांक्यांचे व्हिडिओ टाकले, एक पहाटे सव्वातीनचा. सकाळी बारापैकी नऊ आले, डोळे लाल. मी पोह्यांना बंदी घातली होती, केळी आणली होती. तेरा नंबर तरीही कुठून तरी पोहे-जिलबी हाणून आला, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास लपेना. नशिबाने समोरचेही रात्रभर तिथेच होते. इतकी झोपाळू मॅच मी पुन्हा बघणार नाही. आम्ही जिंकलो. सेमीफायनल त्याहून सोपी गेली, सात नंबरने एकट्याने काम तमाम केलं, सांगण्यासारखं काही नाही.

फायनल मात्र सांगतो.

समोरच्यांनी झोन लावला, म्हणजे गड्याला न धरता आपापली जागा धरली, पुढे दोघं, मागे तिघं. आत शिरायला जागाच नाही. सात नंबर आत घुसला की तिघे त्याच्यावर कोसळायचे, आणि बाहेर बॉल दिला तर आमच्या पोरांना पावणेसात मीटरवरून काही जमेना. हाफ टाइमला नऊने मागे. मला काय बोलायचं ते कळेना, मी पाण्याच्या बाटल्या वाटल्या. बोलला चार नंबर, तेही अगदी थोडं: सात नंबरला म्हणाला, "भिया, तू बॉल मत ला. तू कोने में जा." सात नंबरचं तोंड उतरलं, पण गेला. आता बॉल वर चार नंबर आणणार, मधल्या मोकळ्या जागेत तेरा नंबर उभा राहणार, आणि त्या लंबूला घाबरायला वेळ मिळू नये म्हणून त्याच्या शेजारी अकरा नंबर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लंबूने चार बास्केट मारल्या. प्रत्येक वेळी तो स्वतःच दचकत होता.

शेवटची सव्वीस सेकंदं राहिली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे. बॉल त्यांचा. आमचे त्या क्वार्टरचे चार फाउल झालेले, म्हणजे आता हात लागला की दोन फ्री थ्रो. अकरा नंबरचे स्वतःचे चार. बसवा त्याला, असं मी म्हणणार होतो. चार नंबरने बेंचकडे बघून नुसती मान हलवली.

त्यांचा नऊ नंबर, अंगाने दणकट, उजवीकडून सुटला. सरळ टोपलीकडे. आमचा गडी मागे राहिला. मधे अकरा नंबर येऊन उभा राहिला, दोन्ही पाय जमिनीला, हात छातीशी. उडी नाही, हात वर नाही, काही नाही. धडक बसली ती आम्हाला बेंचवर ऐकू आली. अकरा नंबर पाठीवर पडून सरकत गेला. शिट्टी. आता दोनच शक्यता होत्या. फाउल आमचा, तर अकरा नंबर बाहेर आणि त्यांना दोन फ्री थ्रो. नाहीतर उलटं. रेफरीने मूठ तळहातावर आपटली. चार्ज. फाउल त्यांचा, बॉल आमचा.

पुढचं पटकन. त्यांनी सात नंबरला लगेच धरलं, त्याने दोनपैकी एक टाकला, त्यांचा शेवटचा शॉट अर्ध्या कोर्टावरून रिंगला लागून बाहेर गेला. दोन गुणांनी जिल्हा आमचा. रात्री सराफ्यात गेलो, भुट्ट्याचा कीस, गुलाबजाम, बिल मी दिलं. त्या बिलाची पावती सराफ्यात मिळत नाही, म्हणून ते अजून माझ्याच खिशातून आहे.

नियमाने स्कोअरशीटची गुलाबी प्रत जिंकणाऱ्याला मिळते आणि पिवळी हरणाऱ्याला. आम्हाला मिळाली ती कार्बन पेपरची, निम्मी पुसट. घरी येऊन मी ती जमाखर्च तपासावा तशी तपासली. सात नंबर, एकवीस गुण. तेरा नंबर, चौदा. अकरा नंबर: चार गुण, चार फाउल. आणि तो चार्ज? तो त्यांच्या नऊ नंबरपुढे, एका चौकोनात एक इंग्रजी ‘पी’. अकरा नंबरच्या रांगेत काहीच नाही. मी तीस वर्षं मुलांना शिकवतोय की एकीकडे डेबिट पडलं की दुसरीकडे क्रेडिट पडलंच पाहिजे. इथे अर्धीच एंट्री. मोठ्या स्पर्धांत आकडेवारीचा वेगळा तक्ता ठेवतात, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), पास, समोरच्याकडून काढलेले फाउलसुद्धा त्यात येतात. जिल्ह्याला कोण ठेवणार? टेबलवर बसायला माणसं मिळाली तरी खूप.

आता ती वाईट गोष्ट. जिल्हा जिंकला की कॉलेजचा संघ पुढे जात नाही. सगळ्या कॉलेजांतून निवडून जिल्ह्याचा संघ होतो आणि तो संभागाला, म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या विभागाच्या स्पर्धेला जातो. इंदूर संभागात आठ जिल्हे, तिथून पुढे राज्य. विद्यापीठाचा संघ वेगळा, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, त्याचीही निवड वेगळी. म्हणजे जिंकलेल्या आणि पहिल्याच फेरीत हरलेल्या, दोन्ही संघांचा सीझन सारखाच संपतो. हरणाऱ्यांचा जरा आधी, इतकंच.

निवडीत आमचे चार गेले: चार, सात, तेरा आणि नऊ. अकरा नंबर नाही. निवड करणाऱ्यांपैकी फायनलला हजर एकच जण होता, बाकीच्यांनी शीट बघितली आणि अर्ध्या तासाची ट्रायल घेतली. ट्रायलमध्ये काय असतं? लेअप (पळत जाऊन टोपलीजवळून बॉल टाकणं), शॉट, पळणं. म्हणजे अकरा नंबरला जे येत नाही नेमकं ते. मी जाऊन बोललो. ते सभ्यपणे म्हणाले, "सर, अच्छा लड़का है, पर पॉइंट कहाँ हैं?" शीट माझ्या बॅगेतच होती, पण त्यात दाखवणार काय! त्यांचीही अडचण मला कळते. इतक्या मुलांतून एका दुपारी बारा काढायचे असतील तर आकड्याला धरूनच काढणार. मीही परीक्षेत तेच करतो.

अकरा नंबरला मी वाईट वाटून घेऊ नको वगैरे म्हणायला गेलो. तो म्हणाला, बरंच झालं, दुकानाचं जीएसटी रिटर्न राहिलंय. खरंच म्हणाला की मला बरं वाटावं म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

संभागाला आमचा जिल्हा सेमीफायनललाच हरला. चार नंबरचा फोन आला, "काका, बारा जण शॉट मारणारे. वाटेत उभं कोण राहणार?" तो पक्षपाती आहे, हे लक्षात घेऊन वाचा. मीही आहे.

चार आणि सात यंदा पास होऊन जातील. अकरा नंबर सेकंड इयरला आहे, त्याला मी कॅप्टन करायच्या विचारात आहे, चार नंबरचंही तेच मत पडलं. यंदाच्या सराव मॅचेसना मी शीटच्या मागच्या बाजूला पेन्सिलने आणखी एक रकाना आखणार आहे. लावलेल्या स्क्रीन, घेतलेले चार्ज, जमिनीवर पडून मिळवलेले बॉल. निवड समितीला दाखवीन. बघितलं तर बघितलं.

फर्स्ट इयरच्या ॲडमिशन होतील तेव्हा सहा फुटांवरच्या मुलांनी कॉमर्स विभागात येऊन भेटावं. खेळ येत नसला तरी चालेल, दहावीची मार्कशीट मात्र इंदुरात असावी. आणि आठ नंबरची जर्सी अजून जमा झालेली नाही. ज्याच्याकडे असेल त्याने धुऊन आणावी.