लोकर, गरम पाण्याचा झरा आणि तीन वर्षं

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभरात कादंबरीची दोनच पानं झाली. ती मागापाशी उभी आहे, तो दारात येतो, पावसाचं काहीतरी बोलतो आणि निघून जातो. मला ही पानं फार आवडली आहेत.

व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले ते जुने दर्यावर्दी, म्हटलं की लोकांना ७९३ साली इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर पडलेली त्यांची धाड आणि कुऱ्हाडी आठवतात. मला त्यांचं घर हवंय. त्यांचा माग भिंतीला टेकून उभा असे. उभ्या धाग्यांना खाली दगड बांधून ताण दिलेला. कापड वरून खाली वाढत जाई, पण आडवा धागा ठोकायचा खालून वर, तोही उभ्यानं. कापड रुंद असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं. जहाजांची शिडंही लोकरीचीच. जो उन्हाळ्यात निघून जाणार, त्याला नेणारं शीड घरच्या बायकांनीच सूत कातून विणलेलं! एवढ्यावर अख्खी प्रेमकथा उभी राहते.

आणि ती सावकाशच उलगडायला हवी. आइसलंडच्या जुन्या कायद्यात, ग्रागासमध्ये, एखाद्या स्त्रीवर प्रेमकविता रचणं हा गुन्हा होता. त्यासाठी माणसाला समाजाबाहेर काढत, मग त्याला कुणी मारलं तरी दाद नाही. माझा नायक पावसाबद्दल बोलतो तो लाजून नाही.

संध्याकाळी पुन्हा लाक्सडेला सागा, म्हणजे आइसलंडची एक जुनी गद्यकथा, काढली. तेराव्या शतकात लिहिलेली, इसवी सन १०००च्या आसपासची गोष्ट. तिची नायिका गुद्रून. गुद्रूनचं पहिलं लग्न पंधराव्या वर्षी, तिला न विचारता झालं. तिनं नवऱ्याला इतक्या मोठ्या गळ्याचा सदरा शिवून दिला की त्या बायकी पेहरावाच्या कारणावर काडीमोड घेता आला. पुढे क्यार्तान नावाचा तरुण तिच्या घराजवळच्या गरम झऱ्यावर अंघोळीला येऊ लागला. तिच्याशी बोलायला त्याला आवडायचं. सागा एवढंच सांगते, पण वाचणाऱ्याला सगळं कळतं.

मग तो नॉर्वेला निघतो. ती म्हणते, मलाही ने. तो म्हणतो, तुझे वडील थकलेत, भाऊ अजून कच्चे आहेत, तीन वर्षं थांब. ती तसं वचन देत नाही. तिकडे राजा त्याला अडकवून ठेवतो, आणि त्याचाच जिवाभावाचा भाऊ बोल्ली आधी परतून तिच्याशी लग्न करतो. शेवटी तिनंच चिथावल्यावर बोल्ली क्यार्तानला मारून घरी येतो, तेव्हा ती सकाळच्या कामाचा हिशेब मांडते: मी बारा हात कापडाचं सूत कातलं, तू क्यार्तानला मारलंस. हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. एवढं प्रेम, एवढा संताप, आणि तोंडून निघतं ते सूत!

क्यार्तानच्या त्या नकाराचा मला मनापासून राग आहे. वडिलांचं कारण खरंच असेल, पण तिला जग बघायचं होतं, ते त्यानं ऐकलंच नाही.

म्हणून माझ्या कादंबरीत ती जाणार. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, तशी त्यांची जहाजं थंडीत ओढून ठेवलेली असत. बर्फ वितळेपर्यंत दोघांना एकाच छपराखाली काढायचंय. त्या महिन्यांना मी निदान शंभर पानं देणार आहे. उद्या शीड विणून संपतं तो प्रसंग घेते, आणि ते समुद्रासाठी चरबीनं माखायचं काम दोघांवर मिळून येऊ देते.