आतून मोठं खोकं

शनिवार, रात्री उशिरा

नखांत निळा रंग गेलाय, बोटं डिंकाने चिकट झालीत आणि टेबलावर पुठ्ठ्याच्या कपच्यांचा ढीग तसाच पडलाय. उद्या उचलेन. आज हात दुखेपर्यंत काम केलंय, तेवढं लिहून झोपते.

सुरुवात एका उंच, अरुंद खोक्याने झाली. टेबलफॅन बाहेर काढून मी ते रद्दीत टाकायला निघाले होते. भाचीने ते उभं केलं, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मावशी, ही टार्डिस आहे." मग रद्दीचा विषयच संपला.

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश टीव्ही मालिका आम्हा दोघींची. तिचा नायक म्हणजे डॉक्टर, काळात फिरणारा परग्रहवासी. तिच्या-माझ्या वयात एवढं अंतर, पण डॉक्टरच्या बाबतीत ती माझ्याशी बरोबरीने भांडते. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर पहिला भाग लागला, तेव्हा तर मीही नव्हते. टार्डिस म्हणजे डॉक्टरचं यान. काळात, अवकाशात कुठेही जाणारं. जिथे उतरेल तिथल्यासारखं रूप घ्यायचं, ही त्याची मूळ खुबी. पण रूप बदलायची यंत्रणा अडकली आणि ते ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोपटाच्या रूपात कायमचं राहिलं. खरी गोष्ट अशी की दर गोष्टीला नवं यान उभं करायला पैसे नव्हते. ही अडचण त्यांनी कथेतच अशी बसवून टाकली, की आज त्या खोपटाशिवाय मालिका डोळ्यांसमोर येत नाही. मला ही मालिका आवडायचं निम्मं कारण हेच असावं.

तर खोकं. प्रत्येक बाजूला चौकटींच्या दोन उभ्या रांगा, एका रांगेत चार. सगळ्यात वरच्या दोन म्हणजे खिडक्या, प्रत्येकीला सहा काचा. मी आधी कटरने चौकटी कोरायला घेतल्या. एक बाजू बिघडवल्यावर लक्षात आलं, की कोरायचं काहीच नाही, उलट पट्ट्या चिकटवायच्या. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावल्या की मधला भाग आपोआप खोल दिसतो. घडी जिथे हवी तिथे पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने जोरात रेघ ओढायची, पुठ्ठा तिथेच नीट मोडतो. छपराला एकावर एक लहान होत जाणारे तीन चौकोन आणि शेंड्यावर औषधाच्या बाटलीचं झाकण, म्हणजे दिवा.

रंगाने मात्र दमवलं. तपकिरी पुठ्ठ्यावर थेट निळा लावला तर तो मळकट हिरवट दिसायला लागला. आधी पांढऱ्याचा हात द्यायला हवा होता. शिवाय एकाच बाजूने ओला रंग बसल्यावर पुठ्ठा होडीसारखा वाकला. आतूनही रंग दिला तेव्हा वाळता वाळता पुष्कळसा सरळ झाला. "हा निळा तो निळा नाही," भाचीने निकाल दिला. मी तिला सांगितलं, सुरुवातीची वर्षं मालिका कृष्णधवल होती, १९७० मध्ये रंगीत झाली. बघणाऱ्यांना तोवर निळा दिसलाच नव्हता. हे तिला अजिबात पटलं नाही.

रविवार

आतलं काम आज केलं, आणि खरी गंमत आतच होती. टार्डिस बाहेरून खोपट, आत अफाट. खोक्यात हे कसं दाखवायचं? भाचीचं म्हणणं, आत अंतराळाचं चित्र काढू. मला ते फसवल्यासारखं वाटत होतं. शेवटी दोन छोटे आरसे सापडले. ते डाव्या-उजव्या भिंतीला समोरासमोर लावले आणि मध्ये बॅटरीवरची दिव्यांची बारीक माळ सोडली. दारातून तिरकं डोकावलं की दिव्यांमागे दिवे, त्यांच्यामागे दिवे, लांबवर मंद होत गेलेले. आरसे अगदी समांतर बसले नाहीत, म्हणून ही रांग पुढे जाऊन वळते. मी नीट करायला गेले तर भाचीने हात धरला. वळणामागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिला ते तसंच हवं होतं. ठेवलं.

मागच्या भिंतीवर पाण्याच्या बाटल्यांची झाकणं ओळीत चिकटवून पांढरी रंगवली. जुन्या टार्डिसच्या भिंतींवर अशाच गोल खळग्यांची रांग असते. एवढ्या कामाला दहा मिनिटं लागली आणि बघणारा पहिलं कौतुक त्याचंच करतो.

मंगळवार

डालेक. डॉक्टरचे शत्रू, धातूच्या कवचात बसलेले, दिसेल त्याचा संहार करा म्हणणारे. टेरी नेशनने ते लिहिले, रेमंड कुसिकने त्यांना आकार दिला. नेशनला पाय नसलेलं, घरंगळत येणारं काहीतरी हवं होतं. लांब झग्यांखाली पावलं लपवून तरंगल्यासारख्या नाचणाऱ्या जॉर्जिया देशातल्या नर्तकींवरून त्याला ते सुचलं होतं. कवचाच्या आत माणूस बसायचा आणि पायांनी ते ढकलायचा. एक हात म्हणजे शस्त्र. आणि दुसरा? मोरी तुंबली की आपण वापरतो तो रबरी पंप! विश्वावर राज्य करायला निघालेल्या जमातीचा हात! मी आजही हसते, आणि लहानपणी याच हाताला घाबरायचे.

आमचा डालेक कागदी कपाचा. कप उपडा, वर अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा चेंडू, अंगावर जुन्या सदऱ्यांची बटणं ओळीने. डोळ्याला काडेपेटीतली काडी आणि मणी, त्या प्रसिद्ध हाताला ड्रॉपरचं रबरी टोपण. पण ठेवला की नुसता उभा. मग सुचलं म्हणून तो ताटात ठेवला, कपाखाली एक गोटी ठेवली आणि ताट जरा कलतं केलं. डालेक सरकत निघाला, पाय नाहीत, चाकं नाहीत, थेट आमच्या अंगावर. भाची किंचाळली. कपाची कड गुळगुळीत हवी, नाहीतर अडखळतो, एवढंच सांभाळायचं. आता चार झालेत आणि दर वेळी कलंडून पडणारा कोण, यावर पैजा लागतात.

शुक्रवार

आज आवाज. टार्डिस येते-जाते तेव्हाचा तो धापा टाकल्यासारखा, घोगरा आवाज बीबीसीच्या ध्वनिकार ब्रायन हॉजसनने केलेला. आईच्या घराची किल्ली त्याने एका जुन्या पियानोच्या तारांवरून ओढली, ते ध्वनिमुद्रित केलं आणि मग त्यावर काम केलं. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात होतं. पियानो कुठून आणणार? कपाटावर एक तार तुटलेली गिटार पडून होती. सगळ्यात जाड तार, जिच्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं, तिच्यावरून कुलपाची किल्ली सावकाश ओढली. गिटारीच्या पोटातून असा काही घोगरा सूर निघाला की आम्ही दोघी गप्प. फोनवर मुद्रित करून वेग कमी केला तेव्हा तर अंगावर काटा आला. हुबेहूब नाही, पण त्याच घराण्यातला. तारेला चरे पडलेत. पडू देत.

पुढचा रविवार

आता मफलर. डॉक्टरचं काम एकामागून एक वेगवेगळे नट करतात, त्यातला चौथा टॉम बेकर, १९७४ चा. वेशभूषाकार जेम्स ॲचेसनने बिगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंना रंगीबेरंगी लोकर भरपूर दिली, निवडून वापरा म्हणून. त्यांनी सगळीच विणली. तो पायांत येणारा मफलर असा जन्मला आणि बेकरने तो तसाच घेतला.

माझ्याकडे उरल्यासुरल्या लोकरीचे सात गुंडे निघाले, जाडी एकाची एकाला जुळत नाही. त्यामुळे मरून पट्ट्यात मफलर फुगतो आणि पिवळ्यात कंबर बारीक होते. चाळीस टाके घातलेत, सगळ्या ओळी सुलट, विचार करायचं काम नाही. रंग बदलताना शेपट्या आतल्या आत विणून टाकते, नाहीतर शेवटी त्या ओवत बसण्यात एक दिवस जातो.

वीतभर झालाय. भाचीने तो गळ्याला लावून पाहिला, आरशात पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, कुठपर्यंत विणणार?"

"लोकर आहे तोवर."

ती उठून आत गेली आणि आपला जुना, कोपर फाटलेला स्वेटर उसवायला घेऊन आली.