बुडबुडा गोलात ठेवा, भाऊ

पहाटे साडेपाचला फोन वाजला. "मॅडम, येऊन राह्यल्या ना आज? थो रातीच धुऱ्यावर खाट टाकून बसला हाये."

काकूंचा आवाज इतका दबका होता की मला दोनदा विचारावं लागलं. गावात भिंतीला भिंत आणि शेतात धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, असा दोन्हीकडे तोच शेजारी. आपलं बोलणं पलीकडे जाईल म्हणून त्या न्हाणीत उभ्या राहून बोलत होत्या, हे मला नंतर कळलं.

मी भूकरमापक आहे. शेतांच्या हद्दी मोजणं हे माझं रोजचं काम. गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मोजण्या आम्ही याच दिवसांत उरकतो, कारण कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, हरभरा घरात गेलेला असतो आणि रान या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं. अडचण फक्त उन्हाची. अकरानंतर लोखंडाला हात लावला की चटका बसतो, म्हणून सातच्या आत शेतात पोचायचं असा माझा शिरस्ता आहे.

काकूंचा अर्ज हद्द कायम मोजणीचा होता. गटाचं क्षेत्र 1 हेक्टर 62 आर, म्हणजे चार एकर. 'लगतच्या गटधारकाने अतिक्रमण केल्याचा संशय आहे' एवढं एक वाक्य कारण म्हणून लिहिलेलं. अर्जात तेवढंच मावतं. बाकीचं त्यांनी नोटिशीच्या वेळी ऑफिसच्या पायरीवर बसून सांगितलं होतं.

नवरा गेल्यापासून सहा वर्षं त्या एकट्याच शेती वाहत होत्या. दर साली नांगरणीच्या वेळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर धुरा कोरत पुढे यायचा. नांगराचं एखादं तास, म्हणजे एक ओळ, कधी दीड. धुऱ्यावरची बाभूळ एका रात्रीत तुटली. त्याच्या तुराट्यांचा ढीग दर वर्षी काकूंच्याच बाजूला पडायचा. पण सांगताना त्यांचा गळा दाटून आला तो जमिनीपाशी नव्हे. "मॅडम, थो रोज धुऱ्यावर उभा राह्यते. माह्या वावरात किती बाया लावल्या थे मोजते. कापूस किती निंगाला, कोणाच्या गाडीत गेला, भाव काय भेटला, सारं गावाले सांगते. सीतादहीच्या पूजेच्या दिवशी माहा भाऊ आला होता, तं म्हणे हा कोण नवा माणूस? म्या माह्याच वावरात डोक्यावरचा पदर नीट करत फिरतो."

हे ऐकून मला त्यांची मोजणी लवकर लागावी असं फार वाटलं. तारखा मात्र क्रमानेच लागतात आणि तशाच लागायला हव्यात.

शेतात पोचले तर खाट खरोखरच धुऱ्यावर होती. खाटेवर शेजाऱ्याचे वडील, पांढरं धोतर, ऐंशीच्या पुढचे. बाजूला शेजारी स्वतः, म्हणजे भाऊ, त्यांचा मुलगा, बायको आणि आणखी सात-आठ माणसं. पलीकडे काकू, त्यांचा भाऊ आणि पाण्याची एक कॅन. पोलीस पाटील मध्ये उभे, कोणाकडे बघावं हे न कळल्यासारखे.

भाऊंनी बोलायला सुरुवात केली ती माझ्यापासून. "मॅडम, तुमचं गाव कोणतं? सासर कोणतं? मिस्टर काय करते? उन्हातान्हात असं एकटं फिरू देते का तुमाले?" मी दप्तर उघडता उघडता गावाचं नाव सांगितलं आणि बाकीचं सोडून दिलं. दोन मिनिटांत मला कळलं की काकू सहा वर्षं कशात राहत होत्या. या प्रश्नांत शिवी नसते. तक्रार करायला जावं तर हाताला काहीच लागत नाही.

"धुरा आमच्या बुढ्यापासून इथंच हाये," ते म्हणाले. "मशीन लावा का काही लावा, धुरा हालत नसते." मुलगा शिकलेला होता. तो म्हणाला, "बारा वर्षांच्या वर आमचीच वहिवाट आहे. सलोखा योजनेत बसतं हे." त्याला मी नीट समजावून सांगितलं. सलोखा योजना 2023 साली आली ती अदलाबदलीसाठी. तुमच्या नावची जमीन त्यांच्या ताब्यात आणि त्यांच्या नावची तुमच्या ताब्यात, तीही किमान बारा वर्षं, असं असेल आणि दोघंही राजी असतील, तर एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी भरून दस्त होतो. एकानेच दुसऱ्याकडे सरकायचं, त्यासाठी ती नाही. आणि वहिवाटीने हक्क मिळतो की नाही हे कोर्ट ठरवील, माझ्या नकाशात तो रकाना नाही. मुलगा गप्प झाला. त्याने ऐकून घेतलं याचं मला बरं वाटलं.

काम सुरू झालं. मी पुढे, शिपाई रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राची काठी घेऊन मागे, आणि भाऊ आमच्या दोघांच्या मध्ये. स्क्रीनवर वाकून बघत, शिपायाच्या खांद्यावरून डोकावत, प्रत्येक बिंदूला "इथं कायले? तिथं घ्या ना" असं म्हणत. एकदा तर माझ्या हातातला नकाशाच ओढून बघितला. पोलीस पाटील त्यांना मागे सारायला आले. मी नको म्हटलं. माणसाला मागे ढकललं की तो घरी जाऊन सांगतो, मला काही दाखवलंच नाही, बाईने परस्पर रेघ ओढली. त्यातून पुढे दहा वर्षांचं वैर उभं राहतं, आणि ते मी पाहिलेलं आहे.

मी शिपायाच्या हातातली काठी घेतली आणि भाऊंच्या हातात दिली.

"भाऊ, तुम्हीच धरा. हा गोल दिसतो ना, यात एक बुडबुडा आहे. तो मधल्या गोलात राहिला पाहिजे. काठी तिरपी झाली की माप चुकतं. तुमचं पण आणि त्यांचं पण."

ते गोंधळले. मग काठी धरली. हात आधी थरथरला, बुडबुडा काठाला गेला, परत आला. हळूहळू त्यांना जमलं. मान खाली, डोळे त्या एवढ्याशा गोलावर. त्यानंतर दोन तास त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही.

नऊपर्यंत दोन्ही गटांची आजची वहिवाट टिपून झाली. पांदणीकडचं म्हणजे गाडीवाटेकडचं टोक, नाल्याकडचं टोक, तीन गट मिळतात तिथला जुना दगड. हा दगड शोधायला वेळ लागला. इथली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षानुवर्षांच्या या फुगण्या-आकसण्यात वर ठेवलेला दगड कलतो, सरकतो, खचतो. धुरा सरकला की प्रत्येक वेळी शेजाऱ्यानेच सरकवला असं नसतं, हे मी दोन्ही बाजूंना मोठ्याने सांगितलं. काकूंच्या भावाला ते आवडलं नाही. पण खरं ते खरं.

ऊन चढल्यावर लिंबाखाली बसले आणि जुना नकाशा आजच्या मापांवर बसवला. दोन्ही घरची माणसं चार-चार हातांवर. नाल्याकडे रेघ रेघेवर बसली, अगदी तंतोतंत. पांदणीकडे मात्र दोन मीटर ऐंशी सेंटिमीटरचा फरक होता. मी कोणालाच काही सांगितलं नाही. आकडा सांगितला की माणूस आकड्याशी भांडतो.

उन्हं कलल्यावर पांदणीकडच्या टोकाला गेलो. मी भाऊंना म्हटलं, काठी आजच्या धुऱ्यावर ठेवा. आता मी अंतर वाचते, तुम्ही चाला.

काकूंच्या बाजूला चालायचं असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पाऊल तिकडे टाकलं.

"तिकडे अंतर वाढतंय, भाऊ. दुसऱ्या बाजूला."

ते वळले. स्वतःच्या वावरात पाऊल टाकलं.

"दोन दहा."

आणखी एक.

"सव्वा मीटर. पुढे."

ढेकळांवर त्यांची चप्पल करकरत होती. मागे कोणी खोकलंसुद्धा नाही.

"साठ सेंटिमीटर. वीस. थोडं डावीकडे. बुडबुडा गोलात घ्या. थांबा."

ते थांबले. नांगरलेल्या, स्वतःच्या म्हणून सहा साल पेरलेल्या रानात, धुऱ्यापासून नऊ फूट आत, हातात काठी सरळ धरून. बुडबुडा बरोबर मध्ये होता. त्यांनी एकदा मागे वळून धुऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा त्या गोलाकडे. शिपायाने काठीच्या टोकाशी खुंटी ठोकली. ती भेगेत गेली आणि हलायला लागली, म्हणून शेजारी खड्डा करून परत ठोकली.

तिथून नाल्यापर्यंत 190 मीटर चुन्याची फक्की टाकली. पांदणीकडे रुंद, नाल्याकडे निमुळती होत संपलेली पाचर. भाऊंच्या बायको फक्कीवर बसल्या आणि माह्या अंगावरून न्या म्हणाल्या. त्यांना पोलीस पाटलांनी आणि सुनेने समजावून उठवलं.

खाटेवरच्या आजोबांनी मला बोलावलं. "किती निंगालं?"

"दोन आर सहासष्ट, आजोबा."

"आर-बीर मले नाई समजत. गुंठे सांग. आमच्या वक्ताले साखळी होती, तेहतीस फुटाची. सोळा आणे तिचे."

मी त्यांच्याजवळ खाटेच्या पायाशी बसले. वऱ्हाडातली जुनी पैमाईश साखळीनेच झालेली. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. वहीच्या मागच्या पानावर मी मीटरचे फूट केले. आजोबा तोंडाने पुटपुटत होते, "तेहतीस तेहतीस, एक हजार एकोणनव्वद." माझा भागाकार व्हायच्या आत ते म्हणाले, "अडीचच्या वर हाये."

2.63 आले. कोरडवाहू कपाशीचं सालाचं जेमतेम अर्धा क्विंटल.

आजोबा बराच वेळ फक्कीकडे बघत राहिले.

मग जबाब लिहायला घेतला. भाऊ म्हणाले, "म्या सही करत नाई. सही केली म्हणजे म्या कबूल केलं." मी सांगितलं, तसं नाही. तुम्ही हजर होता आणि तुमचं म्हणणं काय आहे, एवढंच त्यावर असतं. मोजणी मान्य नसेल तर तसं लिहा. निमताना मोजणीचा अर्ज करा, वरचे अधिकारी येऊन पुन्हा मोजतील. तो तुमचा हक्क आहे, मी रागावणार नाही. तरी ते कागदाला हात लावेनात. खाटेवरून आवाज आला, "लिव्ह जे लिव्हायचं थे. पण सही कर. काठी तुह्याच हातात होती."

त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मोजणी मला मान्य नाही', आणि खाली सही केली.

काकूंना वाटत होतं, खुंटी ठोकली म्हणजे जमीन मिळाली. जाता जाता त्यांना बाजूला घेतलं. काकू, मी हद्द दाखवते, ताबा देत नाही. उद्या सकाळी ट्रॅक्टर घेऊन फक्कीपर्यंत जाऊ नका. क-प्रत, म्हणजे या मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात येऊ द्या. त्यांनी आपणहून सोडलं तर उत्तमच. नाही सोडलं तर ती प्रत घेऊन तहसीलला किंवा दिवाणी कोर्टात जा. आणि खुंटीच्या जागी दगड लावाल तेव्हा दोन हात खोल पुरा, दोघांच्या समोर, गावातले चार लोक बोलावून. एकट्याने रात्री लावलेला दगड कोणी मानत नाही.

"आणि थो उभा राह्यते, त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

त्याचं माझ्याकडे काही नव्हतं. कोणत्याच कलमात नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि गाडीत बसले. पूर्ण रस्ताभर तो प्रश्न माझ्याबरोबर होता.

निमताना आला नाही. मृगाच्या आधी पोलीस पाटलांचा फोन आला की दोन्ही घरच्यांनी दगड पुरले, आजोबा खाटेवरून बघत होते, भाऊ आले होते पण बोलले नाहीत. मी फक्त बरं म्हटलं. आनंद झाला होता, पण तो फोनवर कसा सांगायचा.

ऑगस्टात त्याच शिवारात दुसऱ्या गटाची पाहणी होती. पांदणीने चालत जाताना काकूंचं वावर लागलं. कपाशी कमरेला आलेली, निंदण चालू होतं. दगड नीट उभे होते. दगडाला टेकून, धुऱ्याच्या आपल्या बाजूला, भाऊ उभे होते. तसेच. हात मागे बांधून, नजर बायांवर.

काकूंनी मला पाहिलं नव्हतं. त्या ताठ झाल्या, विळा दुसऱ्या हातात घेतला आणि पूर्ण वावराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोजा भाऊजी, अकरा हायेत. एक मागून येऊन राह्यली."

बाया हसल्या. भाऊंनी पांदणीकडे पाहिलं. मी नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले.