तुम्ही विचारलंत म्हणून: हिंदू घरातली मुलगी चर्चच्या शाळेत का?

मेलबर्नला मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच. पुण्याहून आत्या फोनवर विचारते. ऑफिसातली, स्वतः कुठलाच देव न मानणारी ऑस्ट्रेलियन मैत्रीण जरा आडून विचारते. प्रश्न एकच: तुम्ही हिंदू ना, मग मुलीला अँग्लिकन शाळेत का घातलंत? आणि पाठोपाठ, आवाज खाली आणून: फी किती हो?

फीचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. वरच्या वर्गांत वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर जाते. कॅम्प वेगळा, लॅपटॉप वेगळा, ब्लेझर वेगळा. ब्लेझर आम्ही शाळेतल्याच सेकंडहँड दुकानातून घेतला. आतल्या पट्टीवर आधीच्या दोन मुलींची नावं खोडलेली होती, तिसरं आमचं. गाडी अकरा वर्षांची आहे. ज्यांना हा वेडेपणा वाटतो त्यांनी तसं म्हणावं, माझी आईही म्हणते.

मूळ प्रश्नाला मात्र मी इतकी वर्षं माणूस बघून उत्तर देत आले. आत्याला म्हणते, "अगं, आपल्याकडे कॉन्व्हेंटात काय कमी मुली शिकल्या? कोण बाटलं?" मंडळात म्हणते, शिस्त चांगली आहे. ऑफिसात म्हणते, फक्त मुलींची शाळा हवी होती. तिन्ही उत्तरं खरी आहेत, आणि तिन्ही देताना माझा आवाज मलाच शाळेच्या माहितीपत्रकासारखा ऐकू येतो.

सरकारी शाळा काय वाईट होती, असंही विचारता. काहीच वाईट नव्हती. व्हिक्टोरियात १८७२ च्या कायद्यानं सरकारी शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मापासून वेगळं केलं, आणि आमच्या घरापासून सात मिनिटांवर त्यातलीच एक चांगली शाळा आहे. मग नववीच्या प्रवेशासाठी मॅकरॉबची, म्हणजे परीक्षा घेऊन मुली निवडणाऱ्या सरकारी शाळेची, परीक्षा द्यायची होती, असं सुचवणारे तर दर दिवाळीला भेटतात. त्यासाठी सहावीपासून शनिवार-रविवार क्लास लावायचे, ते मला नको होतं. चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपपायी माझ्या दोन मेच्या सुट्ट्या गेल्यात.

खरं कारण त्यापेक्षा साधं आणि सांगायला लाज वाटेल असं आहे. शाळा बघायला गेलो तेव्हा सहावीतली एक मुलगी आम्हाला फिरवत होती. मुख्याध्यापिका बाई मध्येच आल्या आणि त्यांनी पोहण्याच्या तलावाची लांबी सांगितली. मुलगी शांतपणे म्हणाली, "नाही, पंचवीस मीटर आहे." बाई म्हणाल्या, "बरोबर, पंचवीस," आणि पुढे गेल्या. कुणी डोळे वटारले नाहीत. मी हुजूरपागेची. शाळेवर माझं प्रेम आहे, तिच्याविरुद्ध एक अक्षर ऐकून घेणार नाही. पण मी मीटिंगमध्ये माहीत असलेलं उत्तर गिळून बसणारी बाई आहे, आणि माझी मुलगी तशी होऊ नये एवढंच मला त्या क्षणी वाटलं. चर्च तेव्हा डोक्यात नव्हतंच. इमारतीच्या एका टोकाला चॅपल होतं; मला वाटलं, देवघर आहे, असू दे.

आणि ते साधलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आमची उंचीनं मार खाते, म्हणून रोइंगमध्ये तिला कॉक्स केलं. चार धिप्पाड मुली वल्ही मारणार आणि ही मागे बसून सुकाणू धरणार, हुकूम सोडणार. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आठवड्यातून तीनदा मी पहाटे पावणेपाचला तिला यारा नदीवर सोडते. अंधारात बोटी दिसत नाहीत, फक्त बारके दिवे सरकताना दिसतात आणि पाण्यावरून आवाज येतो, "पॉवर टेन! आता!" म्हणजे पुढची दहा वल्ही जीव तोडून. तो आवाज माझ्या मुलीचा. घरी हीच मुलगी पाहुण्यांसमोर पाणी आणायला लाजते. मार्चमध्ये जिलाँगला बार्वन नदीवर मुलींच्या शाळांची मोठी शर्यत असते. त्यांच्या बोटीचा नंबर आला नाही, पण परतताना तिचा घसा बसलेला होता आणि ती खूश होती.

शाळेत मुलींचे गट, म्हणजे हाउसेस असतात, त्यांची समूहगीत स्पर्धा असते, तिच्यासाठी मुली परीक्षेपेक्षा जास्त रडतात. पोहण्याच्या स्पर्धेला सगळ्यांनी पाण्यात उतरायचंच, येवो न येवो. पहिल्या आणि चौथ्या सत्रात, म्हणजे उन्हाच्या महिन्यांत, टोपी नसेल तर मैदानावर जायचं नाही. नखं, रिबिनी, मोज्यांची उंची या बाबतीत आपल्या शाळांनी यांच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, तितकाच जाच. आणि आठवड्यातून एकदा चॅपलमध्ये प्रार्थना.

आता ते सांगते, जे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही.

ती चौथीत होती. सत्राच्या शेवटी युकॅरिस्ट, म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं प्रसाद घ्यायचा विधी होता, पालकांना बोलावलं होतं. मी अर्धी रजा टाकून गेले आणि तिच्या वर्गाच्या तीन रांगा मागे बसले. विटांचं छोटं चॅपल, भिंतीवर लाकडी पाटीवर गाण्यांचे आकडे लावलेले, बाकांना मागून गुडघे टेकायच्या उशा टांगलेल्या. एकेक रांग उठून पुढे जायला लागली. मुली रेलिंगपाशी जात, उजवा तळवा डाव्यावर ठेवून ओंजळ करत, चॅप्लन बाई, म्हणजे शाळेच्या धर्मगुरू, त्यात पांढरी पातळ प्रसादाची चकती ठेवत. माझ्या मुलीनं ते पाहिलं. उजवा हात डाव्यावर, तळवा किंचित खोलगट. तीर्थ घ्यायला आपण धरतो तसाच. तिला आजोबांनी शिकवलेलाच हात होता तो, तिला काही नवीन शिकायचंच नव्हतं.

ती रेलिंगपर्यंत पोचायच्या आत रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका वाकल्या. तिचे दोन्ही हात धरले, सोडवले आणि छातीवर आडवे ठेवले. हळूच काहीतरी म्हणाल्या. मग चॅप्लननं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती परत आली. सगळं मिळून पाच सेकंद. शेजारच्या बाईंना दिसलंही नसेल.

गाडीत बसल्यावर तिनं सांगितलं, "मिस म्हणाली, नॉट फॉर यू, डार्लिंग." मी सीटबेल्ट लावत होते. मग ती म्हणाली, "पण आई, माझे हात क्लीन होते."

मी गाडी सुरू केली नाही. बराच वेळ नाही.

त्या रात्री मी मुख्याध्यापिकांना जे पत्र लिहिलं त्यात 'भेदभाव' हा शब्द चार वेळा होता. पाठवलं नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे. लिहिता लिहिता मला आमचं सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर आठवलं. भांडीवाल्या मावशींची मुलगी माझ्या वयाची होती, आम्ही अंगणात सागरगोटे खेळायचो. सत्यनारायणाचा प्रसाद आजी मला हातावर द्यायची आणि तिला द्यायची तो वरून टाकून, वीतभर अंतरावरून. ती ओंजळ मोठी करायची, सांडू नये म्हणून. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल. तिनं घरी जाऊन काय विचारलं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. असेल. मला त्या रात्री ती वेगळी करता आली नाही.

आठवड्यानं चॅप्लनना भेटायला गेले. मेलबर्नच्या अँग्लिकन चर्चनं १९९२ मध्ये बायकांना पौरोहित्य दिलं. सिडनीच्या डायोसिसनं, म्हणजे तिथल्या बिशपच्या प्रांतानं, अजून दिलेलं नाही. (आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय, आपल्या ज्ञानप्रबोधिनीच्या बायका लग्नं लावतातच की.") चॅप्लन बाई बोलायला सरळ होत्या. चकती बाप्तिस्मा झालेल्यांसाठी, बाकीच्यांनी आशीर्वादाला हात छातीवर घ्यायचे, हे वर्गात समजावलं होतं. त्या दिवशी तुमची मुलगी गैरहजर होती. ते खरं होतं, तिला ताप होता. पण असं मध्येच हात धरायला नको होते, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मग म्हणाल्या, "तुमच्या प्रवेश अर्जात धर्माचा रकाना कोरा आहे. म्हणून आम्हाला नक्की माहीत नव्हतं."

कोरा होता. मीच ठेवला होता. का, ते आता सांगते, कारण तुम्ही तेच विचारताय, फक्त वेगळ्या शब्दांत. रांग मोठी होती, जागा थोड्या होत्या, आणि मला वाटलं, 'हिंदू' लिहिलं तर नको तिथे लक्ष जाईल. शाळेनं असं कधीच सूचित केलं नव्हतं. त्याच वर्षी घेतलेल्या मुलींत जैन होत्या, बौद्ध होत्या, एक मुस्लिम होती. सगळ्यांच्या आयांनी रकाना भरला होता. मुलाखतीच्या दिवशी मी टिकलीही लहान लावली होती, मोहरीएवढी. नवऱ्याच्या ते लक्षात आलं, तो काही बोलला नाही.

पण मी चॅप्लनना उलट विचारलं: रकाना कोरा होता, तर शिक्षिकेला कसं कळलं की हे माझ्या मुलीसाठी नाही? तिच्या वर्गात केरळची एक मुलगी होती, जन्मापासून ख्रिश्चन. तिचेही हात कुणी असेच बाजूला केले असते का? नावावरून कळलं की चेहऱ्यावरून? बाई गप्प बसल्या. खिडकीबाहेर कुणीतरी नेटबॉलची शिट्टी वाजवत होतं. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी विचारेन." विचारलं असेलही. मला उत्तर कळलं नाही, मीही मागे लागले नाही.

आत्या चिडली की पंडिता रमाबाईंवर येते. "त्यांचंही असंच झालं." मी वाद घालते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, याच अँग्लिकन पंथात, बरोबर. पण नंतर त्या गप्प बसल्या का? तिथल्या नन सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून किती भांडल्या, आणि त्यातलं पुष्कळ भांडण आपल्या मुलीला, मनोरमेला काय शिकवायचं, कुणी शिकवायचं यावरूनच. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशप आडवे आले, तर त्यालाही त्यांनी कागदावर उत्तर दिलं. हे सगळं मी आत्याला तावातावानं सांगते. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की हा मुद्दा माझ्या बाजूचा नाहीच. त्यांनी पत्रं पाठवली होती.

मग काढलं का नाही शाळेतून? काढणार होते. तिनं नाही म्हटलं. नऊ वर्षांच्या मुलीचं ऐकायचं असतं का, तर नसतं, हे मी तेव्हाही म्हणाले असते. तिला मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या, एवढंच कारण होतं. आज ती दहावीत आहे, कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, खालच्या पट्टीतलं आल्टो गाते. डिसेंबरात फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये कॅरल असतात. बाहेर पस्तीस डिग्री आणि आत बर्फाची गाणी. मी दर वर्षी जाते. मागच्या वर्षी तिला विचारलं, गाताना काय वाटतं? "आई, मी मोजत असते," म्हणाली. ताल मोजत असते म्हणे. मला हायसं वाटलं, आणि वाटल्याचा रागही आला. गणपतीत ती आरतीला टाळ वाजवते, शब्द म्हणत नाही. तिथेही मोजतच असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

धाकटी पुढच्या वर्षी शाळेच्या वयाची होईल. अर्ज आता ऑनलाइन असतो, भरायला शंभर-दीडशे डॉलर लागतात, परत मिळत नाहीत. परवा रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. धर्माचा रकाना आहे तिथेच आहे. मी 'हिंदू' टाइप केलं. नवरा म्हणाला, "म्हणजे नक्की पाठवायचं ठरलं?" मी म्हटलं, थांब जरा.

मोठी नदीवरून आली होती, केस ओले, पायाला चिखल. माझ्या खांद्यावरून तिनं स्क्रीन वाचली.

"हात कसे धरायचे ते तिला आधीच सांगून ठेव," म्हणाली, आणि फ्रिज उघडून दही शोधायला लागली.

अर्ज अजून ड्राफ्टमध्ये आहे.