काउंटरवरचे कीवर्ड

"भाऊ, कीवर्ड भरपूर टाक, कंजुषी काहून करून राहिला?" नागपूरच्या इतवारीतले मिठाईवाले काका, त्यांच्या वेबसाइटचं काम करतोय. कीवर्ड म्हणजे लोकं गूगलवर जे टाकून शोधतात ते शब्द. संत्रा बर्फीच्या एका पेजवर 'बेस्ट स्वीट्स इन इंडिया'पासून सगळं पाहिजे अन् तेही मेटा कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पेजच्या कोडमधल्या लपलेल्या कीवर्ड-यादीत, जो टॅग रँकिंगसाठी बघतच नाही असं गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय.

तेवढ्यात काउंटरवरच्या ताई फोनवर, "हो जी, टिकते, ट्रेनमध्ये बिनधास्त न्या."

सर्च कन्सोल, म्हणजे लोकं गूगलवर काय शोधतात तेव्हा आपली साइट दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, उघडलं तर तिथंही लोकं तेच शोधून राहिले, बर्फी किती दिवस टिकते, पार्सल पुण्याला पाठवता का. साइटवर यातलं एक अक्षर नाही!

आपण कीवर्ड निवडतो पाटी रंगवल्यासारखे, गिऱ्हाईक येतं प्रश्न घेऊन. आता टिकण्याबद्दल वेगळं पेज करतोय, काका जरा फुगलेत, असो.

तुमच्याकडे फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतात?